दादाचा कान आणि गाडीचा विमा

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गाडी घेतली. मोटरहोम. चालतं घर म्हण हवं तर. जुनी आहे, पण इंजिन माझ्या कित्येक बसपेक्षा बरं आहे, आणि जन्मभर बस चालवलेल्या माणसाला इंजिनातलं कोणी शिकवू नये. आत दोघांना पुरेल असा पलंग, छोटी शेगडी, फ्रिज, सिंक. आणि मागे, आतून कडी लावता येईल असा संडास.

तुझ्या वहिनीने सगळं सोडून आधी तेच दार उघडलं. आत गेली, कडी लावून पाहिली, पाणी सोडून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली की जागा तशी पुरेशी आहे. एवढं कौतुक तिने माझंही कधी केलेलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून तिला दर थोड्या वेळाने जावं लागतं, आणि रस्त्यावरच्या त्या घाण जागांची इतकी धास्ती की तिने गावाला जाणंच सोडलंय. तू घर बांधलंस, राहायला गेलीस, भिंतींना दुसऱ्यांदा रंगही काढलास, तरी तिने अजून तुझा उंबरा पाहिलेला नाही. आता पाहील.

खिडक्यांची मापं या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली आहेत. पडदे तुझ्याच दुकानात शिवायचे, दुसऱ्या कुठल्या टेलरला मी हात लावू देणार नाही. विमा तेवढा काढायचा राहिलाय, तो निघाला की आम्ही निघालो. आणि फोन करू नकोस. तुमच्या भागातल्या फोनला हल्ली फार खरखर असते.

पडद्यांना उशीर झाला तरी चालेल, लोभाला होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. मशीनवरच्या दोघी हसून बेजार झाल्या. आता वहिनीला कंडक्टर केलंस तर माझ्याकडे आल्यावर तिकिटाचे पैसे मागू नकोस म्हणजे झालं. पण खरं सांगू, वहिनी येणार हे वाचलं आणि माझे डोळे भरून आले. तिच्यासाठी खालची खोली मी कधीची रिकामी ठेवलीय.

विम्याचं नीट कर. माझ्या शेजारच्या केटररचा टेम्पो उलटला तेव्हा त्याला टेम्पोचे पैसे मिळाले, पण आतल्या शेगड्यांचे नाहीत, कारण त्या त्याने कळवल्याच नव्हत्या. तेव्हा शेगडी, फ्रिज, बॅटरी, जे काही आत बसवलंय ते सगळं आधी सांग.

आणि कानाचंही सांग. रागावू नकोस. माझ्या फोनला खरखर नाही, त्याच फोनवर मी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा गल्लीत मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता आणि तू रस्त्याच्या मधोमध चालत मला टायरचे भाव सांगत होतास. मी हाताला धरून ओढलं तेव्हा कुठे बाजूला झालास. उद्या काही झालं आणि तू कान लपवलास हे कळलं, तर कंपनी हात झटकून मोकळी होईल. आणि गाडीत वहिनी असेल.

कापड आणलंय. निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. पडदे वेळेत शिवून होतील, पण तू कान तपासल्याशिवाय ते दुकानाची पायरी उतरणार नाहीत.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (यावेळी जरा हात आखडूनच)

तू विमा कंपनीत कधीपासून लागलीस? सगळ्या नोकरीत माझ्या बसला साधा ओरखडा नाही. वरिष्ठांनी त्याबद्दल मला घड्याळ दिलं होतं, ते भिंतीवर आहे, येशील तेव्हा बघ. काल जन्मलेल्या पोरीने मला रस्ता शिकवावा म्हणजे कमाल झाली.

गाडीची तपासणी झाली. विमा कंपनीच्या बाई आल्या होत्या. गाडीभोवती फिरून फोटो काढले, आत येऊन शेगडी, फ्रिज, बॅटरी लिहून घेतली. तुझ्या केटररची गोष्ट मी त्यांना सांगितली, त्यांना पटली. एक-दोन किरकोळ गोष्टी राहिल्यात, त्या होतील.

वहिनी बरी आहे. बोलत मात्र काही नाही. पण ती हल्ली नसतेच बोलत, पार अबोल झालीय. वय झालं की होतं माणसाचं असं. पडदे पाठव, उगाच हट्ट नको.

दादा

१८ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांनी तुला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण खरं लिहिलं नसणार, म्हणून मी लिहितेय.

तपासणीच्या बाई गाडीत बसल्या होत्या आणि सिंकखालचा पाण्याचा पंप गुरगुरायला लागला. नळ बंद होता. तो असा मध्येच गुरगुरतो, मी रोज ऐकायचे, मला वाटायचं अशा गाड्यांत असंच असतं. बाईंनी विचारलं की नळ बंद असताना पंप का चालतोय. हे त्या सिंकलाच टेकून उभे होते आणि फ्रिजचं कौतुक सांगत होते. बाईंनी पुन्हा विचारलं. मग त्या मुद्दाम ह्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि आणखी काही विचारलं. ह्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाई चांगल्या होत्या, काही लागेल असं बोलल्या नाहीत. ह्यांच्यासमोर येऊन, हळूहळू आणि स्पष्ट सांगितलं की कुठेतरी पाणी गळतंय ते आधी शोधा, आणि कानाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. त्याशिवाय विमा मिळणार नाही. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. संध्याकाळभर त्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून होते, गाडी बंदच होती. जेवताना म्हणाले की विकून टाकतो.

मी म्हटलं, विका. मला तरी कुठे जायचंय. ते खोटं होतं, हे तुला सांगते. मला यायचंय. तुझं स्वयंपाकघर बघायचंय, तुझ्या ओट्याची उंची मीच कळवली होती ना, ती नीट आली का ते बघायचंय.

तू सांगितलंस तर ऐकतील. माझं त्यांना ऐकूच जात नाही.

तुझी,
वहिनी

२२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने मला सगळं कळवलंय. तिच्यावर चिडायचं नाही, चिडायचं तर माझ्यावर चीड, मी लांब आहे.

गाडी विकायची म्हणतोस. चष्मा लागला तेव्हा नोकरी सोडली होतीस का? मग कानालाच काय सोनं लागलंय? कानात एक शेंगदाण्याएवढं यंत्र घालायचं आणि डॉक्टरांचा कागद आणायचा, एवढंच काम आहे. तुला घड्याळ मिळालं ते नीट चालवलंस म्हणून मिळालं, काही ऐकू येत नसताना चालवलंस म्हणून नाही. त्या घड्याळाची लाज राख.

मला वहिनी माझ्या घरात बसलेली बघायची आहे, दादा. दुसरं काही मागत नाही. तिने तुला ‘मला तरी कुठे जायचंय’ म्हणून सांगितलं, ते तुझं मन राखायला. मला तिने वेगळं लिहिलंय. आता काय करायचं ते तू ठरव.

पडदे इस्त्री करून ठेवलेत.
तुझीच, आणि तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (या खेपेला दोन्ही हातांनी)

पॉलिसी हातात आली. शेगडी, फ्रिज, बॅटरी, सगळ्यासकट. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. माझा कालच पडला.

डॉक्टरांकडे गेलो. उजवा कान बराच गेलाय, डावा निम्मा. यंत्र दिलं आणि यंत्र लावूनच गाडी चालवायची या अटीवर सर्टिफिकेटही दिलं. यंत्र लावून मी पहिल्यांदा गाडीत बसलो आणि पाचच मिनिटांत तो पंप गुरगुरला. इतक्या जोरात, की हा आवाज मला महिनाभर ऐकू आला नाही यावर विश्वास बसेना. सिंकखालच्या पाइपची क्लिप सैल होती. थेंब थेंब पाणी बॅटरीच्या खोक्यापर्यंत गेलं होतं, खालची फळी फुगून वर आलेली. भर रस्त्यात शॉर्ट झालं असतं तर, या विचाराने मला घाम फुटला. क्लिप बदलली, फळी नवी घातली. त्याच बाई पुन्हा आल्या, पाठीमागे उभं राहून त्यांनी मला गाडीचा नंबर विचारला, मी वळून सांगितला. दोघंही हसलो.

आता खरी गोष्ट. यंत्र आणलं त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज यायला लागला. कोण आलंय म्हणून उठून बघायला गेलो, तर कोणी नाही. तुझी वहिनी माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती आणि मला सांगत होती. दूधवाल्याचं, वरच्या मजल्यावरच्या सुनेचं, तुझ्या ओट्याच्या उंचीचं. मी दारात तसाच उभा राहिलो. मग विचारलं की हे रोज असतं का. ती दचकली, आणि म्हणाली की रोजच असतं, तुम्ही उत्तर देत नाही एवढंच. धाकटे, मी तुला लिहिलं होतं की ती अबोल झालीय. अबोल कसली, ती सगळी वर्षं माझ्याशी बोलत होती. मला तिथेच रडू आलं, आणि ते तिने पाहिलं.

शनिवारी निघतोय. सावकाश येऊ, वाटेत ती म्हणेल तिथे थांबू. तिचं बरंच सांगायचं राहिलंय. पडदे पाठवू नकोस, आम्ही घ्यायला येतोय.

लोभ आहेच, शनिवारी दारात उभी राहा.
तुझा,
दादा

ता. क. तुमच्या भागातला फोन दुरुस्त झालेला दिसतोय. आज संध्याकाळी करून बघ.