आजोबा = आहेत

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची लेकीकडे राहायला. शाळा चौथीपर्यंतच, पण वही लिहायची हौस दांडगी. गुडघ्यांचं गाऱ्हाणं नंतर, आधी भिंतीवरच्या काचेच्या पाटीची मजा. लेकीनेच बनवलेली, अख्खं घर तिच्यावर चालतं. डावीकडे नाव, मध्ये दोन आडव्या रेघा, उजवीकडे काय हवं ते. दिवे = मंद. पाणी = कोमट. अनोळखी नाव लिहिलं की ओळ लाल. नावापुढे भलतंच लिहिलं तरी लाल. ओळच नसली तर पाटी आपल्या मनाचं भरते. जावई म्हणाले, आई, पाटी तुमच्या लेकीवरच गेलीय. माणसांच्याही ओळी आहेत. सात वर्षांच्या नातीने, माझ्या भिंगरीने, माझी लिहिली: आजी = आहे. हिरवी झाली. मला मेलीला रडूच फुटलं.

बुधवार
सगळे बाहेर. हे जाऊन आता वर्ष होईल. सहज लिहून बघितलं, आजोबा = आहेत. म्हटलं लाल होईल, पुसून टाकू. हिरवी झाली. दुपारी खिडकीपाशी खोकला, ह्यांचाच, शेवटी घसा खाकरलेला. भीती कसली? दोन कप चहा टाकला.

शुक्रवार
लेकीने चारच ताटं घेतली. तिचं, जावयांचं, माझं, ह्यांचं. बाबा येतीलच म्हणाली. भिंगरीचं मी मांडलं, तर लेक विचारते, हे कुणाचं? पाटीवर तिची ओळ लाल. खाली लिहिलंय, घरात माणसे चारच चालतात.

शनिवार
ह्यांची ओळ पुसली. दुसऱ्यांदा निरोप दिला. पाटीने आपल्या मनाचं भरलं, आजोबा = आहेत. पुढे नाहीत लिहिलं, तर लाल; खाली म्हणे, गेलेलं माणूस पुन्हा जात नाही. लेकीला हलवून हलवून सांगितलं. तिने भिंगरीच्या चपला उचलल्या, म्हणाली शेजारच्या पोरीच्या असतील —

रविवार
भिंगरीचा हात हातात आहे, ऊब नाही. आजी म्हणताना ओठ हलतात नुसते — खोकला दाराशी आलाय — रागावू नका हो, पण ती सात वर्षांची —

एक जागा हवी, एकच.

आजी = नाही.

घेतली. भिंगरीची ओळ हिरवी — हसली, ऐकू आलं मला — लेकीने तिला कडेवर घेतलंय, माझ्याकडे बघतेय, विचारतेय तुम्ही कोण, आत कशा आलात — सांगते ना बाळा, मी तुझी