आधी जेवू दे

४ नोव्हें.
उद्या विमान, जपानला, माझ्या दोस्ताकडं, सुभाषकडं. भरलेली बॅग पुन्हा उघडली आणि आमटीसाठीच्या येसरच्या पिठाचा डबा सगळ्यात वर ठेवला. काकूंनी, त्याच्या आईनं, गेल्या आठवड्यात स्वतः भाजून, दळून दिला होता. "चार वर्षं झाली लेकराला बघून. तू तरी बघून ये, नीट जेवतो का." तिकीट काढायला त्यांनीच भाग पाडलं.
काल सकाळी काकू गेल्या. झोपेतच. फुलंब्रीला मातीला जाऊन आलो.
सुभाषला कुणीच कळवलेलं नाही. भावकीनं बसून तसं ठरवलं. त्याचा धाकटा भाऊ गणेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "फोनवर नाय सांगायचं. तिथं त्याला धरायला कोन हाय? तू जातोयसच, तर समोर बसून सांग. अन् आधी जेवू दे त्याला."
मी मान हलवली. माझ्याच गळ्यात धोंड.

६ नोव्हें., नागोया
सु. विमानतळावर उभा होता. वाळलाय. मिठी मारली आणि पहिला प्रश्न, "आईनं काय दिलं?"
खोलीवर लगेच येसरची आमटी टाकली. भात. मी मनात वाक्य जुळवत बसलेलो. वाटी पुसून खाल्ली, भिंतीला टेकला, म्हणाला, "आज जेवल्यासारखं वाटलं गड्या."
यावर कसं सांगणार? उद्या.

७ नोव्हें.
शहर हिंडलो. गटारसुद्धा स्वच्छ. आमच्या बजाजनगरच्या नगरसेवकांना इथं एक चक्कर मारायला लावली पाहिजे. कावळे मात्र भलतेच. आपल्याकडच्या दोन कावळ्यांएवढा इथला एक. त्यांच्या धाकानं कचऱ्यावर जाळी टाकतात, सु. सांगत होता.
मग देवळात न्यायला निघाला. सुतकात देऊळ! पाय दुखतात, नको म्हणालो. "मंग बस हितं," म्हणत एकटाच आत गेला. हसत आला. "आईच्या गुडघ्यासाठी नाणं टाकलं."
बाकावर बसून राहिलो. लाज वाटली.

९ नोव्हें., रवि.
त्याचा आईला फोन करायचा वार. गणेशनं ठोकून दिलं की ती बिडकीनला मावशीकडं गेलीय. "माझ्या फोनच्या दिवशी?" सु. फुगून बसला.
तो दूध आणायला गेला तेव्हा गणेशचा मला फोन. "अजून नाय सांगितलंस? आज सांग, मंजे दहाव्याला तरी पोचल."
जेवल्यावर सांगतो म्हणालो. पण जेवायला कारखान्यातले दोघं आले. त्यांना येसर वाढून सु. आईचं कौतुक सांगत होता, अर्धं हातवाऱ्यांनी.
नाही सांगितलं. भित्रा आहे मी.

१० नोव्हें.
बंदर पाहिलं. काही आठवत नाही. आता त्याला दहाव्याला पोचता यायचं नाही.

१२ नोव्हें.
किल्ल्याच्या खंदकाशी बसलो होतो. त्याच्या हातात दुकानातला भाताचा गोळा, दोन घास खाल्लेला. गणेशचा फोन. मागं माणसांचा गलका, नदीवर दहावा चाललेला.
"कावळा शिवंना पिंडाला. सगळ्यांनी बोलून झालं. मी सांभाळतो म्हनालो, आत्यानं हात जोडले. समदे म्हनत्यात, थोरल्याला सांगितलं नाय म्हनून. आत्ताच्या आत्ता सांग."
सांगितलं. त्याचं खाणं हातात असताना.
"कधी?"
"तीन तारखेला."
"मंजे तू आलास तवा..." मग, "अन् मी देवळात गेलो रे."
फोन माझ्याकडून ओढून घेतला. "गण्या, फोन पिंडापाशी धर." आणि लोक बघत असताना मोठ्यानं, "आई, मी येतो. कायमचा येतो. आता तरी घे."
थोडा वेळ नुसता गलका. मग गणेश, "शिवला, दादा! शिवला!"
सु. उकिडवा बसला आणि हंबरडा फोडला. मी पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला.

१३ नोव्हें.
डोकं भादरून आला. संध्याकाळी एकदाच बोलला, "जेवायचं काय एवढं होतं रे? उपाशी मेलो असतो का?"


१४ नोव्हें.
सकाळी जाऊन त्यानं नोकरीचा राजीनामा दिला. परत आला तो मोकळा वाटला. "तिनं ऐकलं. आता राहिलो तर शब्द मोडंल." घर घ्यायचं म्हणून आलेला माणूस. इथली चार वर्षं एका वाक्यावर सोडली.
दुपारी गणेशचा निरोप. कावळा शिवलाच नव्हता. दादाचं रडणं ऐकवंना, म्हणून तसं बोलला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. खाली लिहिलंय, दादाला सांगू नको.
पुन्हा मीच.
वरिष्ठांनी त्याला राजीनाम्याचा फेरविचार करायला उद्यापर्यंत मुदत दिलीय. माझं विमानही उद्याच.

नंतर.
उरलेल्या येसरची आमटी केलीय त्यानं. दोन ताटं घेतली. माझ्याकडं बघत म्हणाला, "तुझ्या पोटात अजून काय हाय का? असंल तर आत्ता सांग."
"आधी जेवू," म्हणालो.
त्यानं ताट बाजूला सारलं.