स्टोअरचं दार लागत नाही

१ मार्च, रविवार

आणखी एक पोतं! आप्पांनी गावाकडच्या पुतण्याला सांगून ज्वारी एसटीत टाकायला लावली — मला न विचारता. स्टँडवरून रिक्षाने जुळे सोलापूरपर्यंत आणली, जिन्याने वर चढवली. कंबर गेली. आणि ठेवायची कुठे? बिल्डरने नकाशात ज्याला ‘स्टोअर’ म्हटलंय, त्यात मी एकटा उभा राहिलो तरी दार लागत नाही. त्यात आधीच गव्हाची कोठी, हुलग्याची पिशवी, कांद्याचं टोपलं, शिवाय आप्पांनी जपलेल्या रिकाम्या पिशव्या!

“नवी शाळू ज्वारी हाय. वास घे की.”

घेतला. वास चांगलाय. म्हणून काय डोक्यावर ठेवू?

पोतं हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. आप्पांनी त्यावर घोंगडं टाकलं आणि चढून बसले.

३ मार्च

जिरं सापडलं नाही. ओवा मात्र तीन डब्यांत निघाला. बिनफोडणीचं वरण.

७ मार्च, शनिवार

सुकन्याचा फोन. बायकोपाशी स्टोअरचं रडगाणं गायलो. म्हणाली, “असू द्या, मी आल्यावर बघते.” गेल्या जूनपासून हेच! सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, पोस्टिंग माळशिरसला. महिन्यातून एकदा येते — ती घर बघणार की झोप काढणार? दर वेळी विचारतो, बदलीचं काय झालं? दर वेळी विषय बदलते.

पाडव्याला चार दिवस येणार आहे. ठरवलं — तोवर स्वयंपाकघर असं लावायचं, की दारातच म्हणेल, वा! मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्या बायांच्या घरी पोती येत नाहीत वाटतं.

संध्याकाळी बाजारातून बरण्या आणल्या. सगळ्या एका मापाच्या, एकावर एक बसणाऱ्या. आप्पांनी एक उलटसुलट करून पाहिली.

“ह्यात पीठ गुदमरल की.”

“पीठ गुदमरत नाही, आप्पा.”

“तुला काय ठावं!”

१४ मार्च, दुसरा शनिवार

सकाळपासून सगळं हॉलमध्ये काढलं. पाय ठेवायला जागा नाही. मी एक वस्तू टाकायच्या पिशवीत घालायचो, आप्पा दुसऱ्या बाजूने ती काढायचे. किडलेली तूरडाळ — “कोंबड्या खातील.” कुठल्या कोंबड्या? तिसऱ्या मजल्यावर?

शेवटी ओरडलो. हे गाव नाही, मेंढरांचा वाडा नाही, आपण फ्लॅटमध्ये राहतो! आप्पा चप्पल घालून खाली गेले आणि वॉचमनपाशी बसले. आई गेल्यावर मेंढरं विकून माझ्याकडे आले, तेव्हापासून रागावले की तिथेच बसतात.

एका परीने बरंच झालं. मला मोकळं रान मिळालं. सुकन्याच्या नाव-गाव नसलेल्या पुड्यासुद्धा फेकल्या. बरण्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ. साखर. रवा. बेसन. हुलगे माळ्यावर. पोतं उभं करून कोपऱ्यात. आणि दार — लागलं नाही. वीतभर उरतंच! लाथ घातली. अंगठा सुजलाय.

१६ मार्च

बँक सुटली, घरी आलो. दुपारचं पिठलं कढईत उरलं होतं. एक घास घेतला आणि थुंकला. गोड!

आप्पा दुपारी एकटेच असतात, स्वतःचं करून खातात. मेंढरांमागे फिरताना शिकलेत — भाकरी माझ्यापेक्षा काय, सुकन्यापेक्षा बरी करतात. मीठ चिनी मातीच्या बरणीत असायचं, साखर स्टीलच्या डब्यात. आता दोन्ही सारख्या बरण्यांत, शेजारी शेजारी. चिठ्ठ्या आहेत की! पण आप्पांना वाचता कुठे येतं?

“सांगायचं ना मला!”

“काय सांगायचं? खाल्लं की.”

मीठ परत जुन्या बरणीत घातलं. तर ती बरणी आता फळीवर मावत नाही.

१९ मार्च, पाडवा

सुकन्या आली. ‘वा’ वगैरे काही नाही. हातपाय धुऊन चहा करायला गेली. हात सवयीने गॅसच्या उजवीकडे, चहापत्तीच्या डब्याकडे गेला. तिथे आता तेल. मग वेलदोडा शोधला. मग किसणी. प्रत्येक वेळी मी सांगायचो — डावीकडे, वर, त्याच्या मागे. चौथ्या वेळी थांबली.

“आपल्याच घरात पाव्हणी झाले की हो मी.”

“अगं, कुणासाठी केलं हे सगळं?”

“मी सांगितलं होतं का?”

मग वाजलंच. सणाच्या दिवशी! ती म्हणाली, माझ्या आईच्या हातचा काळ्या तिखटाचा मसाला पुडीत होता, कुठेय? कुठे असणार. पुरणपोळ्या झाल्या, आम्ही दोघांनी एकेकच खाल्ली. आप्पांनी मात्र चार खाल्ल्या.

२० मार्च

आप्पा सुनेला विचारत होते, तितं काय खाती गं?

“काय नाही मामा. ड्युटीवरून आलं की चहा आणि बिस्किट. एकटीसाठी कोण करतंय?”

माझ्याशी फोनवर नेहमी म्हणते, झालं जेवण.

२२ मार्च, रविवार

आप्पा गेले. तिच्यासोबत! सकाळी उठून कपड्याची पिशवी भरली, घोंगडं घेतलं आणि पोतं दाराशी ओढून ठेवलं. वाटलं, रुसले.

“रुसतोय कशाला? पोरगी उपाशी झोपती. मी जातो, भाकरी करून घालतो.”

“आणि माझं काय?”

“तुला काय? तुझं समदं लिवून ठिवलंय. वाचायचं अन् खायाचं.”

टोमणा नव्हता तो. खरंच काळजी मिटल्यासारखे म्हणाले. सुकन्या तोंड फिरवून हसली — चार दिवसांत पहिल्यांदा. पोतं मीच खाली उतरवलं. गाडीत ते दोघं शेजारी बसले, पोतं पायाशी. मला कुणी चल म्हणालं नाही.

२५ मार्च

स्टोअरचं दार लागतं. दोनदा लावून पाहिलं. खिचडी केली. जिरं लगेच सापडलं. खिचडी गेली नाही.

२९ मार्च, माळशिरस

सकाळच्या एसटीने आलो. एक खोली, एक फळी, सगळं जमिनीवर. काय कुठेय ते फक्त आप्पांना माहीत. सुकन्या ड्युटीवरून आली, पिठलं-भाकरी खाल्ली आणि ताटावरच पेंगली. चेहरा भरल्यासारखा वाटला.

मघाशी साहेबांना मोबाईलवरूनच बदलीचा अर्ज पाठवला. माझ्या बदलीचा — इथल्या शाखेत. सुकन्याला अजून सांगितलं नाही. उठू दे.