अण्णांचा डिजिटल आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार
कॉम्प्युटरचं साउंड कार्ड आलं. रविवारी वडिलांचा, अण्णांचा, पहिला स्मृतिदिन. त्यांच्या गाण्याची १९८९ ची कॅसेट पैठण गेटच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आहे. आई वर्षभर त्या आवाजासाठी झुरते आहे. आजच मोबाइलवर लाव म्हणाली. साफ नाही म्हटलं. अण्णांना ऐकायचं ते होम थिएटरवरच, डिजिटल. मी स्वतःही अजून ऐकलेलं नाही. संयम.

कार्डातून होम थिएटरला जोडायची ऑप्टिकल केबल उघडली. हिच्यातून आवाज उजेड होऊन जातो म्हणे. दोन्ही टोकांना छोटी काळी टोपणं आहेत. तशीच ठेवली. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. फ्रीजचं सात वर्षं टिकवलं आहे.
उद्या जोडणी. अर्धा तास पुरे.

४ फेब्रुवारी
आवाज नाही. केबल ढिली बसत होती, सेलोटेप लावली. सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ निवडलं. स्क्रीनवर हिरव्या पट्ट्या नाचतात, म्हणजे आवाज निघतो आहे. फक्त पोहोचत नाही. नव्वद टक्के काम झालं.
सुलेखानं चहा देताना विचारलं, ती टोपणं काढायची नसतात का? बायको असली म्हणून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बोलू नये. मी चिकलठाण्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे.

५ फेब्रुवारी, सकाळी ६
ड्रायव्हर काढला, घातला. ४४.१ चं ४८ केलं, ४८ चं ९६. हे आकडे कशाचे ते नंतर वाचीन. पुस्तिकेत लिहिलंय, केबलच्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. दिसत नाही. फार बारीक असणार.
आई म्हणाली, संघपाल, मोबाइलवरच लाव की रं, मला काय लई मोठं नको. म्हटलं, रविवारी. तिचा चेहरा बघवेना, म्हणून पुन्हा ड्रायव्हर काढला.

७ फेब्रुवारी
रजा टाकली. नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर केलं: रविवारी अण्णा, स्टुडिओ क्वालिटीत. चितेगावहून फकिरामामांनी विचारलं, लागलं का? कळवलं, फायनल टेस्टिंग चालू.
कार्डवाल्यांना कडक मेल. इंग्रजीत.

८ फेब्रुवारी
धीर सुटतोय. होम थिएटरच खराब असावं. निश्चय: नाहीच जमलं तर लाइट गेली म्हणायचं.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. आई पांढरी साडी नेसून स्पीकरसमोर खुर्चीत. प्ले दाबलं. काही नाही. लाइट गेली म्हणणार होतो, पण डोक्यावर पंखा फिरत होता.
सुलेखा उठली. सेलोटेप फाडली, दोन्ही टोपणं उपटली. लाल उजेड दिसला. बारीक मुळीच नव्हता.

केबल लावली आणि आवाज आला. घुसमटलेला, गोधडीखालून यावा तसा. मी सेटिंगकडे धावलो. आईनं हात धरून खाली बसवलं. मग शब्द कळले. गाण्याआधी अण्णा आईला सांगत होते: पारू, टेप चालू झाला व्हय? त्याच्यावरचं प्लास्टिक काढू नको, नवा हाय. पुढं अख्खं गाणं प्लास्टिकातून.
सगळे हसले. आई हसता हसता रडायला लागली. म्हणाली, तवाच सांगितलं होतं मी, काढा म्हणून. ऐकलं नाय. तू तरी बायकोचं ऐकत जा.

फाइल आईच्या मोबाइलवर टाकून दिली. टोपणं फेकवली नाहीत, डबीत ठेवली. आई आतल्या खोलीत आता सहाव्यांदा गाणं लावून बसली आहे. इथपर्यंत नीट ऐकू येतं.