खालच्या कप्प्यातले ललिताचे पत्र

मी, डोमाजी बुधाजी तायडे, वय वर्षे एकसष्ट, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त कारकून, राहणार अकोला, आज भरदिवसा, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो. मला साखरेचा आजार आहे, पण डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. माझे तीन खोल्यांचे टिनाचे घर माझ्या कमाईचे आहे. पुढच्या दोन खोल्या मुलगा जानराव यास द्याव्यात. तो मूर्तिजापूरला मास्तर आहे. त्याच्या टेबलावर वह्या, चहाची बशी आणि माझ्या नातीच्या बांगड्या एकत्र पडलेल्या असतात. त्यावरून मी त्याला पुष्कळ बोललो. ते सगळे बोलणे मी परत घेतो.

कलम २. माझे सागवानी टेबल, दौत, रूळ, दाभण व टाचण्यांची डबी जानरावाने घ्यावी. टेबल मोडून चुलीत घातले तरी माझी हरकत नाही. आमच्या वस्तीतून कचेरीत खुर्चीवर बसलेला मी पहिला. कोणाला बोट ठेवायला जागा सापडू नये म्हणून मी तिथले टेबल लख्ख ठेवी. समोर एकच कागद, बाकीचे आलेल्या क्रमाने कप्प्यात, आणि आधीचा निकाली निघाल्याशिवाय पुढच्याला हात नाही. हीच शिस्त मी घरच्या टेबलालाही लावली, ती लावायला नको होती.

कलम ३. आमचे हेडक्लार्क भगवंतराव. माझ्या हातचा पेला कधी घेतला नाही, पण माझ्या टेबलावरून रोज रुमाल फिरवून धूळ शोधायचे. तीस वर्षांत त्यांना सापडली नाही. माझ्या मयतीचे त्यांना मुद्दाम कळवू नये. आलेच तर खुर्ची द्यावी, पाणी विचारावे. पितात की नाही हे कोणी बघत बसू नये.

कलम ४. माझी पत्नी भागीरथा १९६१ साली वारली. तिची पेटी आतल्या लुगड्यांसह मुलगी ललिता हिला द्यावी.

कलम ५. मागची खोली, कुलूपकिल्लीसह, ललिताची. याचे कारण लिहिणे भाग आहे.

१९५७ च्या जुलैत कचेरीची तपासणी होती व फायली मी घरी आणल्या होत्या. ललिता हिवरखेडला सासरी होती, सातवा महिना. तिचे पत्र आले. भागीरथाला वाचता येत नव्हते, पण लेकीचे अक्षर ओळखू यायचे. "ललिताचं हाय, वाचून त सांगा मले," ती म्हणाली. मी म्हटले, "तपासणी होऊ दे." पत्र क्रमाने खालच्या कप्प्यात ठेवले. तिने पुन्हा विचारले तेव्हा मी तिच्यावर खेकसलो.

अठराव्या दिवशी पत्राची पाळी आली. आत इतकेच होते, "बाबा, मले घ्याले या. माह्यानं आता विहिरीचं पानी भरनं होत नाई. कोनी आयकत नाई."

मी त्याच दिवशी गेलो. तीन दिवस आधी बाळ पोटातच गेले होते. ललिताने विचारले, "पत्र भेटलं होतं का?" मी म्हटले, "भेटलं होतं."

तपासणीत साहेबांनी माझ्या कचेरीतल्या टेबलाची तारीफ लिहिली. भागीरथा म्हणाली, "टेबल लख्ख ठेवलं, पोरीले सुखात ठेवता नाई आलं." मरेपर्यंत तिने घरच्या टेबलाला फडका लावला नाही.

ललिता अजूनही सणाला येते. तहान लागली तर स्वतः उठून पाणी घेते, मला मागत नाही. सात वर्षांत तिने मला एक ओळ लिहिलेली नाही. मला याचे फार वाईट वाटते. या खोलीत ती कधीही येवो, कितीही दिवस राहो, काहून आली हे तिला कोणी विचारू नये.

कलम ६. माझ्या पश्चात जानरावाने हिवरखेडला जाऊन ललितास सांगावे की चूक बाबांची होती व ती त्यांना कळली होती.

येथवर लिहून मी साक्षीदारांना वाचून दाखवले. शेजारी अब्दुल गफ्फार, जे आमच्या कचेरीची रजिस्टरे बांधायचे, म्हणाले, "डोमाजी, हे जानराव काहून सांगन? तुमाले तोंड नाई का?"

मी म्हटले, "हे माझ्यानंतरचं आहे."

"म्हंजे तुमी मरेपर्यंत त्या पोरीनं थांबावं?"

पुंजाराम, आमचा जुना शिपाई, खाली मान घालून बसला होता.

सबब कलम ६ रद्द समजावे. ते मी माझ्या हाताने खोडले आहे. उद्या सकाळच्या मोटारीने मीच हिवरखेडला जातो. ललिताने आत घेतले तर आत, नाही तर ओट्यावर बसेन. ती जे बोलेल ते ऐकून घेईन. काहीच बोलली नाही, तरी उठून येणार नाही.

सही : डोमाजी बुधाजी तायडे

साक्षीदार :
१. अब्दुल गफ्फार, बाइंडर (सही)
२. पुंजाराम, निवृत्त शिपाई (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम अकोला, ता. ९ नोव्हेंबर १९६४