दोन क्रेडिट्स

नारायण पेठ, पुणे
८ जुलै २०२५

प्रिय तौफिकभाई,

सलाम. मस्कतला उकाडा कमी झाला का? इथे सगळं ठीक. अब्बा दुकानात अजून चष्म्याशिवाय कापड मापतात आणि वर गिऱ्हाइकांशीच वाद घालतात. अम्मीनं तुझ्यासाठी लोणचं घातलंय.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "मेहजबीन, मेडिकलची फेरतपासणी कधी? अकादमीत परत कधी घेणार?" एवढंच. म्हणून लिहितेय.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतोय. लष्करी अकादमीत शिकलेलं गणित, इतिहास, सगळं धरलं. अडलं ते शारीरिक शिक्षणाच्या दोन क्रेडिट्सवर. तो विषय घेणाऱ्या सुहासिनी मॅडम म्हणाल्या, "तुमचं सैनिकी प्रशिक्षण आमच्या अभ्यासक्रमात बसत नाही. मैदानावर या, पळा, क्रेडिट्स घ्या."

मी म्हटलं, "मॅडम, त्याच प्रशिक्षणात माझा मणका गेला."

त्यांनी नियमांची फाईल उघडली. मग म्हणाल्या, "सूट मिळेल. कायमच्या अपंगत्वाचा दाखला आणा."

भाई, मी कधीच बरी होणार नाही असं स्वतःच लिहून घ्यायचं, मग अकादमीत कुठल्या तोंडानं जायचं?

म्हणून मी पळायला गेले. घरी सांगितलं, फिजिओकडे जातेय. कमरेला पट्टा आवळला होता. अर्धी फेरीही झाली नाही, डावा पाय जागेवरच नसल्यासारखा झाला. पडले. वर्गातली अपूर्वा धावत आली. "अगं, कुणी सांगितलं होतं तुला?" मला उठता येईना. आणि माझे कपडे ओले झाले होते, मला कळलंसुद्धा नव्हतं. अपूर्वानं आपली ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली.

हे अम्मीलाही माहीत नाही.

सदाशिव पेठेतले डॉक्टर म्हणाले, पुन्हा पळालीस तर चालणंही जाईल. काल मी दाखल्याच्या अर्जावर सही केली. क्रेडिट्स मिळतील, पदवीही मिळेल. पण सकाळी उठावंसं वाटत नाही रे. तळजाईच्या टेकडीवर तू मला पळवायचास, ते सारखं आठवतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

अब्बा अजून सगळ्यांना सांगतात, पोरगी रजेवर आलीय. अभिमानानं सांगतात. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

तू ये. सुट्टी काढ, भांडून काढ. मी आता अकादमीत परत जाणार नाही हे अब्बांना सांगताना माझ्या शेजारी बस. नुसता बस, बोलेन मी.

जिला हे एकटीनं झेपत नाही ती तुझी बहीण,
मेहजबीन