गच्चीवरची जागा

चंद्रपूर

ती. गिरजाआत्यास, खुशबूचा सप्रेम जयभीम.

तुझ्या गुडघ्याचं काय? (वैद्याचं तेल आणि डॉक्टरांच्या गोळ्या एकदम सुरू करू नकोस, कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.) माझी तब्येत ठीक.

आमच्या प्रयोगशाळेची शाखा गडचिरोलीत निघते आहे. मी बदली मागून घराजवळ यावं, असं बाबांचं म्हणणं. सोमवारपर्यंत साहेबांना सांगायचं आहे. शहरात खरंच त्रास आहे का, असं तू विचारलंस, म्हणून लिहिते.

आहे. हवेतली धूळ मोजणं हे माझं कामच, त्यामुळे वाळत घातलेली ओढणी काळी का होते ते मला माहीत आहे. त्याने ती पांढरी होत नाही. नळाला पाणी येतं तेव्हा मी कामावर असते. कूलर हवेपेक्षा आवाज जास्त देतो. म्हणून या घरातले सगळे भाडेकरू उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडतात आणि जरा सुकलं की तिथेच अंथरुणं टाकतात. मीही टाकलं. त्याआधी वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घेऊन गच्चीभर फिरले आणि सर्वांत चांगली जागा निवडली. (यंत्र ऑफिसचं आहे. साहेबांना विचारलं होतं.)

तेवढ्यात घरमालकीण वच्छलाबाई वर आल्या.

"पोरी, इथी हरिदासभाऊ झोपते."

"तसं कुठे लिहिलंय?"

"लिहाले काऊन पायजे? समद्यायले मालूम हाय."

हरिदासभाऊ (खालच्या खोलीतले, एसटीतून निवृत्त) गादी काखेत धरून जिन्यात उभे होते. म्हणाले, "राहू दे तिले. मी जिन्यात बसूनच झोपतो. एसटीत तेच केलं."

"भाऊ, तुमी तं डायवर होते!" माझ्या शेजारच्या खोलीतल्या नंदिनीवहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, यांच्याकडे फक्त माहितीची कमतरता आहे. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना वारा मोजून दाखवला आणि ज्याला जास्त उकडतं त्याला जास्त वारा, अशी नवी मांडणी करून दिली. सगळे खुशीने हलले. झोपलं कोणीच नाही. वच्छलाबाई आणि नंदिनीवहिनी इतकी वर्षं शेजारी पडून दिवसभराचं बोलत. मी त्यांना दोन टोकांना ठेवलं होतं. तेव्हा तेच बोलणं त्यांनी ओरडून केलं आणि मधल्या सगळ्यांना सगळ्यांबद्दल कळलं. (माझ्याबद्दलही: "पोरगी चांगली हाय, पण हसाले पैसे लागते का तिले?")

पुढच्या संध्याकाळी सगळे आपापल्या जुन्या जागी गेले. मी अंथरूण उचलून खोलीकडे निघाले. वच्छलाबाईंनी स्वतःची सतरंजी बाजूला ओढली.

"कुठी चालली? हे तुही जागा. टाक."

टाकलं.

असा इथला त्रास आहे. बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

तुझी
खुशबू

ता.क. ती जागा पाण्याच्या टाकीच्या आड आहे. वारा जवळपास शून्य. शिवाय वच्छलाबाई घोरतात.

ता.क. २. बदली नको, हे साहेबांना आजच सांगून टाकलं. बाबांना तू सांग. तुझ्यावर ते ओरडत नाहीत. कारण विचारतील. गच्चीचं बोलू नकोस, त्यांना पटणार नाही. पगार वाढला म्हण. (वाढलेला नाही.)